पंधरा मिनिटांची शिलाई

"आई, बंद कर ती मशीन!" दादा दार उघडून ओरडला. "दुसरी ताकीद आली. फोनवर मागे खडखडाट ऐकू येतो म्हणतात. तिसरीला घरी बसवतील."

"घरीच तर बसलायस," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही.

आईने मशीनवरचा पाय काढला. बत्तीस वर्षं ती बाहेरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवत होती. बाबा गेल्यावर आम्हा दोघांची शिक्षणं त्याच मशीनवर झाली. दादा आता आतल्या खोलीत बसून कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचा. शिव्या खायच्या आणि तोंडात साखर ठेवायची, हेच त्याचं काम.

आई हट्टाला पेटली. मशीनखाली जुन्या चपलांचं रबर घातलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. तरी आवाज जाईचना. मग दादाच्या सुट्टीतच शिवायचं ठरलं. सकाळी पंधरा मिनिटं, दुपारी अर्धा तास, संध्याकाळी पंधरा मिनिटं. तो चहाला बाहेर आला की ही धावत मशीनवर. एकदा घाईत सुई बोटातून आरपार गेली. तोवर दादा आत जाऊन फोनवर बसला होता. माझ्या माउलीने तोंडात फडकं कोंबलं, पण हूं की चूं केलं नाही.

चार दिवसांनी ती बटणं आणायला गेली आणि दादाने भंगारवाला बोलावला.

"अरे, तिला येऊ तरी दे!"

"आली की सोडेल ती? आणि घर कुणाच्या पगारावर चालतं? तुझ्या?"

मशीनचं एक टोक धरायला मीच पुढे झाले. अजून स्वतःची लाज वाटते.

आई आली. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "दुरुस्तीला नेली का रे?"

"विकली," दादा म्हणाला. "सुटलीस एकदाची."

"कालच तेल घातलं होतं तिला."

दादा आत गेला, दार लागलं. एका मुलीचा फ्रॉक अर्धा राहिला होता, संध्याकाळी द्यायचा होता. आई खिडकीशी बसून हातानेच टाके घालू लागली. दोरा कापून तिने कात्री फरशीवर ठेवली.

दार किलकिलं झालं. "आई, कात्री हळू ठेव गं. आत ऐकू येते."

आईने कात्री उचलून मांडीवर घेतली.