दोन ठिपक्यांचा स्पीकर

कृष्णरावांनी नेलपॉलिशची बाटली उघडली आणि नव्या स्पीकरच्या पाठीवर एक लाल ठिपका दिला. दुसऱ्यावर दोन दिले. फुंकर मारून वाळवले.

"एकवाला उजव्या दाराला, दोनवाला डाव्या. लक्षात ठेव."

"ये किसलिए, साहेब?" शरद स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच उभा राहिला.

"माल बदलू नये म्हणून."

शरदने कृष्णरावांच्या बायकोकडे, कमलकडे पाहिलं. कमलने नजर नदीकाठच्या, राजघराण्याच्या दगडी छत्र्यांकडे वळवली. बाटली तिच्या लेकीची, सासरी जाताना राहिलेली. आणि शरद तिच्या माहेरच्या शेजारणीचा, मंगलाचा मुलगा. कृष्णपुऱ्यात त्याने नुकतंच गाड्यांना टेप-स्पीकर बसवायचं दुकान टाकलं होतं. गाडी त्याच्याकडेच द्या, हा आग्रह तिचाच होता.

खुणा करण्याची रीत घराण्यातली. कृष्णरावांचे आजोबा संस्थानच्या पागेवर कारकून होते. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार चांगलं खोगीर परस्पर बदलतील म्हणून ते प्रत्येक खोगिराच्या पोटाला खूण करत. पागा गेली, संस्थानही गेलं, पण खुणा राहिल्या. घरातल्या छत्रीला खूण होती, दुधाच्या चरवीलाही होती. आता गाडीबरोबर आलेल्या कंपनीच्या उजव्या स्पीकरचा आवाज वर्षभरातच दबला म्हणून दोन्ही नवे घेतले, तर त्यांनाही.

चौथ्या दिवशी गाडी पुन्हा दुकानाकडे निघाली.

"उजवा दबलेलाच आहे," कृष्णराव म्हणाले. "त्याने काहीतरी केलंय."

"मला तर दोन्हीकडून सारखाच येतोय."

"तू तिकडे बसतेस. मी इथे बसतो."

कमलच्या मनात वेगळंच होतं. मंगलाचं नाव निघालं की हल्ली हे घरात तोंड मिटून बसत. दिवाळीत मंगलाला फराळाला बोलवू का, म्हणून जेवताना तिने कितीदा विचारलं. हे आपले भात कालवत राहिले. गाडीत मात्र कसे सरळ बोलतात! म्हणजे घरातलं मौन मुद्दामच. आता तो राग पोरावर निघणार.

शरदने उजव्या दाराचं आतलं कव्हर उतरवलं. एक ठिपका जिथल्या तिथे होता.

"बदललेला नाही," कृष्णराव म्हणाले. "म्हणजे डब्यातूनच खोटा निघाला, आणि तुला ठाऊक असून तू बसवलास."

शेजारच्या टायरवाल्याने मान बाहेर काढली. "क्या हो गया, भिया?"

"कुछ नहीं," शरद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "साहेब, बाकी काही म्हणा. फसवलं नका म्हणू. मराठी मंडळातली सगळी लोकं तुमचं ऐकून गाड्या आणणार होती. ये बात फैल गई, तर दुकान उठलंच माझं."

"मग दोनवाला काढ तिकडचा. तो खणखणीत आहे. तो इकडे लाव, माझ्यासमोर. आत्ता दूध का दूध होईल."

दोन ठिपके कृष्णरावांनी स्वतः पाहून घेतले. तो स्पीकर उजव्या दारात बसला, एकवाला डाव्या. ते आत बसले, दार ओढून घेतलं आणि टेप लावला. कमल डावीकडे बसली होती. तबला तिला दोन्ही दारांतून स्वच्छ ऐकू येत होता. आता काय खोट काढतात, म्हणून ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

ते बराच वेळ समोर बघत होते. मग मागचं काही पाहायचं असल्यासारखे उजवीकडे पूर्ण वळले आणि तसेच थांबले. सरळ झाले. पुन्हा वळले. टेप बंद करून खाली उतरले.

"दोन्ही चोख आहेत," ते टायरवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "मीच चुकलो."

चाळीस वर्षांत कमलने हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. तिचा जीव भांड्यात पडला नाही, उलट संशय वाढला. आता घरी गेल्यावर माझी पाळी, तिने ओळखलं.

कव्हर बसवून झालं, गाडी सुरू झाली. शरद उजव्या खिडकीशी वाकला.

"साहेब, नाराज तो नहीं हो ना?"

कृष्णराव समोर बघत गिअर टाकत होते. शरदचा चेहरा पडला.

"अहो, तो विचारतोय, नाराज नाही ना," कमल म्हणाली.

"अं?" ते दचकून खिडकीकडे वळले. "छे, छे! अरे, तुझ्यावर कसला राग? मंडळात सांगतो मी."

गाडी पुलावर आली. कमलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. पावसाळ्यात त्यांनी पलंगाची बाजू बदलून तिला आपल्या डाव्या हाताला घेतलं होतं. ऊन डोळ्यांवर येतं म्हणाले होते. पावसाळ्यात.

रात्री तिने पानं घेतली. नवं घर झाल्यापासून तिची खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला असे, स्वयंपाकघराच्या दाराशी. आज तिने आपलं ताट उचललं आणि टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसली. कृष्णरावांनी वर पाहिलं. उजव्या कानाच्या पाळीशी त्यांची बोटं उगाच घुटमळली.

तिने वरण वाढलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "दिवाळीत मंगलाला फराळाला बोलवू का?"

"बोलाव की. शरदलाही बोलाव. त्यात विचारायचं काय?" जरा थांबून ते म्हणाले, "आधी का नाही बोललीस?"

कमलने तुपाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"राहूनच गेलं," ती म्हणाली.