जावयाचा आग्रह

विजयश्रीला मार्गशीर्षात मूल व्हायचं होतं, तेही जर्मनीत, आणि अंबूबाईंना लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. पासष्ट वर्षांत चाकणजवळच्या निघोज्याहून त्यांची सगळ्यात लांबची मजल म्हणजे तुळजापूर. पण लेकीनं हट्ट धरला, पासपोर्ट आला, पुण्यातल्या व्हिसाच्या ऑफिसातली पुढच्या महिन्यातल्या एका बुधवारची तारीखही मिळाली. मग दर रविवारी फोनवर जावयाची शिकवणी सुरू झाली.

ज्ञानेश आधी चाकणच्याच एका कंपनीत होता. बारा वर्षं तिकडं राहून माणूस पार तिकडचा झालेला. पडद्यावरून तो एकेक रीत समजावून सांगायचा. जिन्यात शेजारी भेटले तर आधी नमस्कार करायचा, पण पगार, वय, मुलंबाळं विचारायची नाहीत. परक्या बाळाचा गालगुच्चा घ्यायचा नाही. रविवारी मिक्सर लावायचा नाही. चारला बोलावलं तर चारलाच जायचं. रस्ता रिकामा असला तरी दिवा हिरवा झाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

अंबूबाई सगळं मनावर घेत. एकदा चाकणच्या चौकात त्या खरोखर दिव्यासाठी थांबल्या. दिवा हिरवा झाला तरी गाड्या काही थांबेनात. पलीकडं पोचलेले त्यांचे यजमान उद्धवराव हाका मारू लागले, "अगं, जर्मनी अजून लांब हाय. ये हिकडं."

"तुमास्नी बोलवलंय का कुनी तिकडं? मग गप ऱ्हावा," अंबूबाई म्हणाल्या, पण पदर सावरत धावल्याच.

त्या बुधवाराआधीच्या रविवारी कचऱ्याच्या चार डब्यांचा धडा होता. काच कशात, कागद कशात, अंबूबाईंचा तीनदा गोंधळ झाला. ज्ञानेश थांबला. "आई, मी फार दडपण आणतोय का? मोकळेपणानं सांगा. तुम्हाला यावंसं वाटत नसेल तरी चालेल."

आजवर बोलावणं होतं ते लेकीचं. जावयानं आपल्या तोंडानं विषय काढला तो आज. आणि लेकीच्या घरी राहायला जायचं म्हणजे जावयाच्या पहिल्या शब्दाला हुरळून हो म्हणायचं नसतं, हे अंबूबाईंच्या हाडात होतं.

"नगं बाबा ज्ञानेशराव," त्या म्हणाल्या. "माजी कशाला आनि तुमाला अडचन."

म्हणाल्या, आणि आग्रहाची वाट बघू लागल्या. त्यांना त्यांची आई आठवली. अंबूबाई तापानं फणफणल्या होत्या तेव्हा ती आली होती. तेव्हा इथं कंपन्या नव्हत्या, नजर पोचेल तिथवर ज्वारी होती. आई तीनदा म्हणाली, निघते म्हणून. तिसऱ्या खेपेला उद्धवरावांनी तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. मग ती पंधरा दिवस मानानं राहिली.

"बरं आई," ज्ञानेश म्हणाला. "स्पष्ट सांगितलंत, बरं झालं."

सोमवारी फोन आला नाही. विचार करून उद्या करतील, अंबूबाईंना वाटलं. मंगळवारी दुपारी त्यांनी पातळ काढून ठेवलं आणि विचारलं, "उद्या कितीला निगायचं?"

"निगायचं कुटं?" उद्धवराव म्हणाले. "जावायबापूंनी तारीख रद्द केली, तसं कळवलंय मला. तूच न्हाई म्हनालीस न्हवं?"

"आन तुमी ऐकून घेतलं?"

"मला वाटलं, तुजा जीव घाबरला इमानाला."

त्यांनी लेकीला फोन लावून दिला आणि ते गोठ्याकडं निघून गेले. विजयश्रीचा चेहरा सुजलेला होता.

"दोन दिवस रडतेय मी. तूच नको म्हणालीस ना?"

"अगं, पैल्यांदा इचारल्यावर कुनी हो म्हनतं का? त्येनी परत इचारायचं असतंय."

"इथं परत विचारत नाहीत, आई. माणूस नाही म्हणाला की सोडून देतात. तो मान असतो."

"तुला तरी म्हाईत हुतं की."

विजयश्रीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "होतं. पण वाटलं, अण्णांना घरी एकटं सोडवत नसेल तुला. ज्ञानेशनं आता पुन्हा शोधली तारीख. जानेवारीच्या शेवटाची मिळतेय."

म्हणजे बाळ जवळजवळ दीड महिन्याचं झाल्यावर. मागून ज्ञानेश पुढं आला. "चुकलं माझं, आई." अंबूबाईंना त्याच्यावर रागावताही येईना. त्यानं तर त्यांच्या शब्दाला मान दिला होता.

"बाळाला न्हाऊ कोन घालनार?"

"दाई येते घरी. ती ज्ञानेशला शिकवेल. रोज नाही घालत इथं."

"आन शेक, धुरी?"

"घरात धूर झाला की भोंगा वाजतो, आई."

विजयश्रीनं फोन खाली धरला. "बघ, लाथा मारतंय." कपड्याखाली काहीतरी हललं, सरकलं, पुन्हा हललं. अंबूबाईंनी पडद्यावरून हलकेच बोटं फिरवली आणि फोन बंद झाला.

परत कसा लावायचा ते त्यांना येत नव्हतं. उद्धवरावांना हाक मारली तर गोठ्यातून ओ आली नाही. रस्त्यावरून कंपन्यांच्या दुसऱ्या शिफ्टच्या बसगाड्या जात होत्या. अंबूबाई फोन मांडीवर उताणा ठेवून बसून राहिल्या, कुठंही बोट लागणार नाही असे दोन्ही हात बाजूला धरून.