ग्लेनिसचं प्रकरण मिटलं

वेल्समधल्या लँडिडनोच्या आमच्या हॉटेलात ग्लेनिसने अकरा वर्षं खोल्या साफ केल्या, पण पगारी रजा तिला एकदाही मिळाली नाही. आम्ही सगळ्या 'गरजेपुरत्या' बायका, म्हणून रजा नाही, असं मॅनेजर प्रॉसर सांगायचे. पाहुण्यांसमोर ते तिला 'आमचं जुनं पोतेरं' म्हणायचे. शेवटी तिने नोकरी सोडली आणि बुडालेल्या रजेच्या पैशांसाठी कामगार न्यायाधिकरणात दावा लावला. ती जिंकली, तर आम्ही पाचजणी अर्ज करणार होतो. अर्ज भरून तयार होते.

सुनावणीच्या सकाळी मालकाच्या वकिलाने तिला न्यायाधिकरणाच्या दारातच गाठलं आणि बाजूच्या खोलीत नेलं. तासाभराने ती बाहेर आली.

"काय गं, मिळाले का पैसे?" मी विचारलं.

"प्रकरण मिटलं, मेरेड."

"म्हणजे मिळाले?"

"कुणाला काही सांगणार नाही, अशी सही केलीय मी."

"मी काय परकी आहे? नुसती मान हलव."

तिने मानही हलवली नाही.

सोमवारी इस्त्रीच्या खोलीत प्रॉसरनी जाहीर केलं, "ग्लेनिसला एक पेनीसुद्धा मिळाली नाही." करार त्यांनाही लागू असणार, पण त्यात खोटं बोलायला मनाई नसावी.

ते गेल्यावर मी ग्लेनिसला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. "प्रॉसर म्हणतात ते खरं का गं?" ती बराच वेळ नुसती रडत राहिली.

"रडतेय म्हणजे हरलीच," आमच्यातली नेस्ता म्हणाली, आणि आम्ही पाचही अर्ज मळक्या चादरींच्या गाडीत टाकले.