कुलूप कोण बदलणार?

या, असे जवळ सरका. मागच्यांना ऐकू जात नाही, पुढच्यांना डुलकी लागते. म्हणून ही गोष्ट मधल्यांसाठी. गोष्ट घरमालकाची आहे. घरमालक म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालू नका. देवाने त्यालाही गुडघे दिलेत आणि बायकोही दिलीय.

या घरमालकाला सगळे काका म्हणत. ते आणि काकू दुसऱ्या मजल्यावर राहत. खाली रस्त्यालगत एकच खोली, ती किल्लीवाल्याला दुकान म्हणून भाड्याने दिलेली. काकूंचा डावा पाय आजारपणात गेला, तेव्हापासून जिना त्यांच्यासाठी भिंत झाला. रस्ता दिसायचा तो खिडकीतून, तोही लोकांच्या टकलांचा. "माणसांचे चेहरे कसे असतात ते विसरले हो मी," असं त्या म्हणाल्या, आणि काकांनी ठरवलं की खालची खोली परत घ्यायची आणि काकूंचा पलंग तिथे न्यायचा.

करार केव्हाच संपला होता. काकांनी विचारलं की किल्लीवाला "बघू" म्हणायचा आणि खरोखरच त्यांच्याकडे बघत राहायचा.

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही फार सरळ. रविवारी दुकान बंद असतं. कुलूप बदलून टाका. सोमवारी तो बाहेर, आपण आत."

काकांना पटलं. त्यांनी आयुष्यात एकाच माणसाकडून कुलपं बसवून घेतली होती. ते त्याच्याकडे गेले.

"एक कुलूप बदलायचंय रविवारी."

"कुठलं?" किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली.

"तुझ्या दुकानाचं."

किल्लीवाल्याने दाराकडे पाहिलं, मग काकांकडे. "दुसऱ्या कुणाकडे नाही गेलात?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"ते वाटलंच असतं," किल्लीवाला म्हणाला. "पण काका, आत माणूस असलेल्या जागेचं कुलूप कोर्टाच्या हुकमाशिवाय मी कुणाचंही बदलत नाही. माझंसुद्धा नाही. हुकूम आणा, चांगलं पितळी बसवून देतो."

काका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पुतण्याची युक्ती ऐकून घेतली आणि चष्मा पुसला.

"कुलूप बदलायचं नाही. वीज तोडायची नाही. सामान रस्त्यावर ठेवायचं नाही. यातलं एक जरी केलंत, तरी तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी."

"मग करायचं काय?"

"नोटीस. मग वाट बघायची. मग दावा. मग वाट बघायची. मग हुकूम, मग बेलीफ."

"वाट दोनदा आली."

"तिची मी फी घेत नाही."

नोटीस गेली. किल्लीवाल्याने सही करून घेतली, आणि पोस्टमनच्या सायकलचं कुलूप अडकत होतं तेही नीट करून दिलं. मुदत सरली, पण तो हलला नाही. दावा लागला. तारखेला दोघे एकाच बसने कोर्टात जात, कारण घर एकच आणि बसही एकच. काका खिडकीशी बसत. किल्लीवाल्याला वारा सोसत नसे.

"तू भांडतोयस ना माझ्याशी?" एकदा काकांनी विचारलं.

"भांडतोय तर! या कोपऱ्यावरून हललो तर गिऱ्हाईक मला शोधणार कुठे? तुमचं तिकीट काढलंय."

किल्लीवाल्याचा वकील हुशार होता. त्याचं म्हणणं असं की, गरज वगैरे काही नाही, काकांना जागा रिकामी करून जास्त भाड्याने द्यायची आहे. काकूंच्या पायाचा नुसता बहाणा. हे पक्कं करायला त्याने आपल्याच अशिलाला साक्षीला उभं केलं. शपथ झाली.

"काकूंना जिना उतरताना तुम्ही कधी पाहिलंय?"

"हो."

वकील न्यायाधीशांकडे वळून हसला. "कशा उतरल्या, सांगा."

"खुर्चीत बसून. मी आणि काकांनी उचललं होतं. दवाखान्यात न्यायचं होतं. वाटेत त्या रडल्या, कारण वाण्याचं तोंड दिसलं."

वकील हळूच खाली बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "अहो, एवढं सविस्तर कुणी विचारलं होतं?"

"तुम्हीच," किल्लीवाला म्हणाला. "आणि शपथ होती. देवाच्या नावाने घेतलेली. त्याच्या नावाने मी पायाबद्दल खोटं बोलू?"

हुकूम काकांच्या बाजूने झाला. दिलेल्या मुदतीत किल्लीवाल्याने यंत्रं बांधली, फळ्या उतरवल्या, पण ताबा काही दिला नाही. आपणहून गेलो तर लोक पळाला म्हणतील, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा बेलीफ आला. बरोबर कागद होता, पण कुलूपवाला नव्हता.

"तुमचा माणूस कुठाय?" काकांनी विचारलं.

"मी निरोप इथेच ठेवला होता," बेलीफ म्हणाला. "कोर्टाची कामं नेहमी हाच करतो."

"आलोय की," किल्लीवाला आतून म्हणाला. तो बाहेर आला, दार ओढलं, स्वतःचं कुलूप काढून खिशात टाकलं आणि पितळी कुलूप बसवलं. दोनदा फिरवून पाहिलं. दोन्ही किल्ल्या काकांच्या हातावर ठेवल्या. "जरा तेल घालत जा."

बेलीफ लेखणी धरून थांबला. "जागा सोडणाऱ्याचं नाव आणि कुलूप बदलणाऱ्याचं नाव?"

"दोन्हीकडे माझंच लिहा. अक्षर नीट काढा."

त्याच दुपारी काकू खाली आल्या. खुर्चीचे मागचे दोन पाय काकांनी धरले, पुढचे किल्लीवाल्याने. पुतण्या "सावकाश, सावकाश" म्हणायला होता. पलंग दाराशी लावला. काकू संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत बसल्या. कुणी किल्ली हरवली म्हणून आलं, की त्या हात लांब करून सांगत, "अहो, तो पुढच्या गल्लीत गेला, चपलांच्या दुकानाशेजारी. चांगला माणूस आहे, माझं नाव सांगा."

तेव्हा मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या किल्लीवाल्याची आठवण ठेवा. नव्या जागेचाही करारच आहे, आणि तिची मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहते. तिचे गुडघे शाबूत राहोत, एवढं मागा.