उपाशीपोटीचा पिवळा

घरात तिला सगळे तंद्री म्हणायचे आणि आता रंगाच्या दुकानातही म्हणतात. नाव काही उगाच पडलेलं नाही. लहानपणी दूध आणायला पाठवलं, तर ही बाई वाटेतल्या कुठल्यातरी भिंतीचा रंग बघत उभी राहायची आणि दूध शेवटी शेजारीण आणून द्यायची. आता त्याच खोडीवर तिचं पोट चालतं. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा आणतं, फुटक्या कपाचा तुकडा आणतं, अगदी असाच रंग हवा म्हणतं आणि तंद्री डब्यात थेंब थेंब टाकत ढवळत राहते. मालकांचा यंत्रापेक्षा तिच्या डोळ्यांवर जास्त भरवसा. बाकी स्वतःच्या चहात साखर घातली की नाही, हे तिला विचारू नका.

पण त्या आठवड्यात तंद्रीलाही झोप नव्हती. कारण होते बाबा. बाबा सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहत आणि ते दुकान, तो जिना, ती खोली सगळंच पाडायचं ठरलं होतं. या वयात त्यांनी जायचं कुठे? तंद्रीच्या घरात एक खोली रिकामी होती, चांगली खिडकीसकट. पण त्या घरात आईही होती आणि आईनं एका वाक्यात निकाल लावला होता. ते येणार असतील तर मी निघाले.

आईची बाजू तंद्रीला तोंडपाठ होती. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर असं काढायचे की काही घ्यायचं नसलं तरी माणूस आत डोकावायचा. मग छापील पाट्या आल्या आणि बाबांची कामं आटली. त्याच दिवसांत ते संध्याकाळी उशिरा यायला लागले. अंगाला उग्र वास, पाय जड, डोळे पिवळट. ताट वाढायला घेतलं की ठरलेलं वाक्य, मी बाहेर खाऊन आलोय. बाबांचे थोरले भाऊ दारूपायीच गेले होते. शेवटच्या दिवसांत त्यांचे हळदीसारखे डोळे आईनं बघितले होते, त्यामुळे तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती. इथे पोरीला अर्धं पोट आणि हे बाहेर खाऊन-पिऊन येतात! एका संध्याकाळी तिनं त्यांच्या कपड्यांचं बोचकं दाराबाहेर ठेवलं. बाबांनी ब्रशांची पेटी उचलली, चपला घातल्या आणि निघाले. हो नाही, की नाही नाही. आईच्या डोक्यात तेच बसलं. खोटं असतं तर माणूस भांडला नसता का?

आता यातली गंमत ऐका. तेव्हापासून आई बाबांना रोज डबा पाठवते. उरलंय, टाकवत नाही, एवढंच म्हणते. रोज न चुकता बरोबर एका माणसापुरतं उरतं. तंद्री तो पोचवते आणि रिकामा डबा परत आणते. डबा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत बाबांचे डोळे स्वच्छ पांढरे झाले. आईनं त्याचंही श्रेय घेऊन टाकलं. घराबाहेर काढलं म्हणून दारू सुटली, असं ती सगळ्यांना ऐकवायची. बाबांशी मात्र ती त्यानंतर एक शब्द बोलली नाही.

तर त्या खोलीवरून मायलेकींचं कडाक्याचं वाजलं. आईनं बाबांचा डबा बंद केला. आता कसं सुचतं ते बघू, म्हणाली. तंद्री रागानं दुपारी जेवली नाही, रात्रीही जेवली नाही. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, अगं, मी बाहेर खातोय, तू काळजी करू नकोस. आणि तिनं ते खरं धरलं. एवढ्या छटा ओळखणाऱ्या बाईनं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात दुकानातल्या सगळ्यांची तपासणी होती. थिनरच्या वासात काम, म्हणून मालक दरवर्षी यकृताच्या चाचण्या करून घेत. तिनं बाटलीत रक्त दिलं आणि ती खुर्चीत बसून राहिली. पोटात काही नसलं की जग कसं जरा वर उचलल्यासारखं होतं. दुधी काचेतून ऊन येत होतं. फरशीवर ते सांडलं होतं आणि हळूहळू पसरत होतं. भिंतीशी शिडी लावून कुणीतरी हवेतच अक्षरं काढतंय असं तिला वाटलं. पाठमोरा माणूस, कानामागे ब्रश. तिनं हाक मारली नाही, कारण हाक मारली की अक्षर बिघडतं. मग नर्सनं तिच्या खांद्याला हात लावला आणि शिडी विरघळली.

ती तोंड धुवायला उठली. आरशात बघितलं आणि तिचा हात नळावरच राहिला. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळा उतरला होता. हळदीचा नाही, लिंबाचा नाही. जुन्या कागदाच्या कडेला धरतो तो. ही छटा तिनं एकाच माणसाच्या डोळ्यांत बघितली होती. आयुष्यात आपण थेंबभर दारू घेतली नाही, मग आपल्या डोळ्यांत हा रंग आला कुठून?

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर धरला. बाई बोलायला शांत होत्या. त्यांनी सांगितलं की यकृताची तपासणी म्हणजे एकच प्रश्न नसतो. काही आकडे यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढतात. काही पित्ताची वाट तुंबली की वाढतात. दारू जास्त झाली की त्यातले काही बहुतेक वेळा बोंब मारतात. काही आकडे यकृत आपलं रोजचं काम करतंय की नाही ते सांगतात. तंद्रीचे हे सगळे जिथल्या तिथे होते. वाढलं होतं ते फक्त बिलिरुबिन, म्हणजे जुन्या रक्तपेशी मोडल्या की तयार होणारं पिवळं द्रव्य. ते यकृतानं बाहेर टाकायचं असतं.

मग बाईंनी विचारलं, शेवटचं जेवलात कधी? तंद्रीनं खरं ते सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, काही माणसांचं यकृत ठणठणीत असतं, फक्त हा पिवळा बाहेर टाकायच्या बाबतीत जन्मजात आळशी असतं. उपास घडला, ताप आला, फार दमणूक झाली की डोळ्यांत उतरतो. जेवण सुरू झालं की जातो. घराण्यातून येतं, घाबरायचं कारण नाही. तरी दोन दिवस पोटभर जेवा, मग पुन्हा रक्त बघू.

जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाचे डोळे उपाशीपोटी पिवळे होतात का?"

तंद्री रस्त्यानं कशी चालत आली ते तिलाच ठाऊक नाही. दोन दिवस ती जेवली, रंग ढवळत राहिली आणि प्रत्येक डब्यात तिला तो जुन्या कागदाचा पिवळा दिसत राहिला. दुसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा आकडा खाली आला होता. बाकीच्या तपासण्याही चांगल्या होत्या. तिनं बाईंना बाबांचं विचारलं. बाईंनी उगाच दिलासा दिला नाही. त्यांच्यातही हे आहे का, ते तपासता येईल, म्हणाल्या. पण तेव्हा ते पीत होते की नव्हते, हे आजचं रक्त सांगणार नाही. ते माणसांनाच विचारा.

माणसं म्हणजे आई. आई ओट्याशी भाजी चिरत होती. तंद्रीनं सगळं सांगितलं, आळशी यकृत, उपास, पिवळा. आईचे हात थांबले नाहीत. ती फणकाऱ्यानं म्हणाली की उपाशी राहायला काय झालं होतं त्यांना? रोज तर म्हणायचे, मी बाहेर…

आणि सुरी थांबली.

"कुठे खायचे गं?" आई म्हणाली. "हातात पैसाच नव्हता तेव्हा. कुठे खात असतील?"

"आणि अंगाचा वास थिनरचा होता, आई. माझ्याही अंगाला येतो रोज."

आईनं सुरी खाली ठेवली. ताट वाढलं की ते पाटावरून उठायचे, तंद्रीच्या पानात बघायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. हे तिला आत्ता दिसत होतं, आणि तेव्हाही दिसलं होतंच की. तिनं डोळे पुसले, हात धुतले, भात लावला. डबा भरला आणि तो तंद्रीच्या हातात दिला नाही. स्वतः चपला घातल्या.

सायकलच्या दुकानाचं शटर खाली होतं. जिना चढताना आई मध्येच थांबून दम घेत होती, तंद्री मागे. वर खोलीत सगळं बांधून ठेवलेलं. भांडी खोक्यात, गादी गुंडाळलेली, ब्रशांची पेटी दाराशी. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आलं होतं आणि त्यात बाबा खोक्यावर बसले होते, कुणीतरी चित्र काढून तिथे विसरून गेल्यासारखे. शेजारी चहाचा रिकामा पेला. आईला दारात बघून ते धडपडत उठले.

त्यांचे डोळे पिवळे होते. जुन्या कागदाच्या कडेसारखे. फोनवरचं ते बोलणं तंद्रीला आठवलं. आपण कसा विश्वास ठेवला?

आईनं ते डोळे बघितले. बाबांनी तिच्या हातातला डबा बघितला आणि घाईघाईनं, सवयीनं म्हणाले, "अगं, कशाला आणलंस? मी बाहेर खाऊन आलोय."



"अहो," आई म्हणाली. किती वर्षांनी म्हणाली! "कुठे खाल्लंत?"

बाबांनी तंद्रीकडे बघितलं. मग खिडकीकडे.

"मी विचारतेय, कुठे खाल्लंत? तेव्हा कुठे खायचात?"

"कुठेच नाही," बाबा म्हणाले. "पोरीला पुरत नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू तुझं मला वाढलं असतंस."

आईनं डबा छातीशी धरला. तिला रडू आवरत नव्हतं आणि ते लपवायचंही तिला सुचलं नाही.

"माझंही कधी उरलेलं नव्हतं," ती म्हणाली. "रोज तुमच्यापुरतं वेगळं लावत होते."

बाबा म्हणाले, "ठाऊक आहे. उरलेलं असं गरम नसतं."

ते डबा घ्यायला पुढे आले, पण आईनं दिला नाही. इथे नाही, घरी ताटात वाढीन, म्हणाली. मग तिनं वाकून ब्रशांची पेटी उचलली आणि दोन्ही हात भरलेले तशीच जिना उतरायला लागली.