बिनसीटची नवसाची सायकल

मी सायकल बोलतेय. म्हातारी, हिरवी, बिनसीटची. ज्या भिंतीवर मला टांगलंय तिथे माझ्या एका अंगाला तीन कुबड्या आहेत, दुसऱ्या अंगाला मेणाचा एक पाय, आणि समोर चांदीच्या पत्र्याची इतकी काळजं लटकतात की खाटकाच्या दुकानानं लाजावं. मडोन्नाचा, म्हणजे येशूच्या आईचा, नवस फेडलेल्यांनी आणून वाहिलेला हा माल. मीही नवसातलीच. माझा नवस फेडला की बुडवला, ते तुम्ही ठरवा. मी कधीच ठरवलंय, पण मी पडले एका बाजूची.

मला कातानिया शहरातल्या मास्त्रो, म्हणजे उस्ताद, जेसुआल्दोनं जोडलं. नळ्या जोडताना तो सारखा शिव्या द्यायचा, त्यातल्या काही माझ्या सांध्यात राहून गेल्या आहेत; मधूनच बाहेर आल्या तर मनावर घेऊ नका. माझा धनी ओरात्सियो तेव्हा पंचविशीचा होता. शिक्ली गावाच्या वरच्या माळावर गडगे घालायचा. पांढरा चुनखडीचा दगड उचलायचा, फिरवून बघायचा, आणि दगडावर दगड असा बसवायचा की मधे चुन्याचं बोट नको. मास्त्रोनं त्याच्या टांगांचं माप त्याच्याच ओळंब्याच्या दोरीनं घेतलं आणि सांगितलं, "ही दुसऱ्या कुणाला बसायची नाही. बायको करताना एवढं माप घेतलं नसशील."

बायको पुढच्याच वर्षी केली. तिचं नाव मेलिना. लग्नाच्या फोटोत मीही आहे, पण मेलिनाच्या झग्यामागे. माझं फक्त हँडल दिसतं. तिनं मुद्दाम केलं असणार. मीही मग मुद्दाम तिच्या झग्याला ग्रीस लावलं.

रविवार आमचे. ओरात्सियो आणि त्याचा दोस्त यानू. यानू न्हावी, ओरात्सियोच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला त्यानंच पोरगी हातात धरली होती, म्हणून हे दोघं एकमेकांना 'कुम्पा' म्हणायचे. उजाडता निघायचं, मोदिकाच्या चढावर एकमेकांच्या आयांची विचारपूस करायची, इस्पिकाच्या दरीत उतरायचं. तिथे खडकात कोरलेली थडगी आहेत, हजारो वर्षांची. जगभरातून लोक ती बघायला येतात. हे दोघं तिथे लघवीला थांबायचे. परतताना गावाची पाटी दिसली की बोलणं बंद, आणि सुटायचे दोघं. पाटी जो आधी ओलांडेल त्याला दुसऱ्यानं ग्रानिता द्यायची, बदामाच्या दुधाचा गोड किसलेला बर्फ.

मी खोडकर, कबूल. चौकातल्या हवेलीच्या सज्ज्याखाली वेडीवाकडी दगडी तोंडं आहेत, जीभ काढलेली, डोळे वटारलेली. त्याच सज्ज्यात बायका बसलेल्या दिसल्या की ओरात्सियो पोट आत घ्यायचा आणि उभ्यानं पायडल मारायचा. बरोबर तिथेच मी चेन टाकायचे. मग साहेब भर चौकात काळ्या हातांनी माझ्यापुढे गुडघ्यावर. वर बायका हसतायत, दगडी तोंडं हसतायत. तो मला हलक्या आवाजात म्हणायचा, "सटवे, घरी चल, दाखवतो." घरी नेऊन दाखवायचा काय, तर मऊ फडकं.

मग तो पडला. मडोन्नाचं देऊळ डोंगराच्या टोकाला आहे आणि खाली उतरताना बारा वळणं. सातव्या वळणावर मेंढ्या होत्या आणि रस्त्यावर दगडाची पांढरी भुकटी. पलीकडे दरी. मी पुढच्या चाकाचा चिमटा वळवला, कसा ते मला विचारू नका, आणि त्याला दरीऐवजी निवडुंगात टाकलं. माझा चिमटा लोण्यासारखा वाकला. तो निवडुंगात उताणा पडून आभाळाकडे बघून म्हणाला, "आई मडोन्ना, वाचवलंस. आता जगेन तोवर दरवर्षी तुझ्या मे महिन्यातल्या रविवारी याच सायकलवर पायांनी चढून येईन."

श्रेय आईला गेलं. असू दे, तिला सवय आहे. यानूनं दुकानात त्याला पालथा घालून, मिशा उपटायच्या चिमट्यानं काटे काढले, आणि कुठून किती निघाले ते गिऱ्हाइकांना वर्षभर सांगत बसला.

नवस त्यानं पाळला, खोटं कशाला बोलू. अंगात ताप होता तेव्हा चढला. बाप गेला त्या महिन्यात काळी फीत लावून चढला. देवळापाशी गुरांची दगडी डोण आहे, तिच्यात डोकं बुडवायचा, मग मला आत न्यायचा आणि पाद्री माझ्यावर पाणी शिंपडायचा. बाकीच्यांना वाटायचं, मडोन्ना ओरात्सियोला आशीर्वाद देते. अहो, पाणी कुणावर पडायचं?

तेवढ्या वर्षांत चामड्याची सीट त्याच्या बुडाचा साचा झाली. आणि सीटचा दांडा माझ्यात जाम झाला. दर वर्षी दांडा काढून ग्रीस लावायचं असतं, मास्त्रोनं बजावलं होतं. ह्यानं आळस केला. दांडा आणि मी एक होऊन गेलो. त्याचा आळस, आणि मी येडी, त्याला माया समजले.

मग त्याचा गुडघा गेला. आयुष्यभर दगड उचलल्यावर जाणारच. त्याच सुमारास यानूनं बॅटरीची सायकल घेतली. रविवारी आम्ही चढावर फेस काढत असायचो आणि हा न्हावी शेजारून शीळ घालत जायचा. पाटीपाशी तर कंगवा काढून केस विंचरत उभा राहायचा. तरी ओरात्सियो दोन वर्षं हटला नाही. विचारलं की एकच सांगायचा, नवस आहे.

एका शनिवारी त्यानं मला यानूच्या दुकानाच्या दाराला टेकवलं आणि आत गेला. सगळं मला ऐकू येत होतं.

"नवस सायकलचा आहे रे," ओरात्सियो म्हणाला. "गुडघ्याचा असता तर गुडघा देऊन आलो असतो."

"कुठल्या सायकलचा, कुम्पा? चेन किती बदलल्यास?"

"कुणाला आठवतंय."

"चाकं?"

"दोनदा. नाही, तीनदा."

"ब्रेक नवे, पायडल नवे. चिमटा वाकला तोही नवा. मग नवस बोललास त्या दिवशीचं काय उरलं? सांगाडा आणि सीट. आता सांग, तू सांगाड्यावर बसतोस की सीटवर?"

ओरात्सियोनं दारातून माझ्या सीटकडे बघितलं.

"माझ्यासारखी बॅटरीची गाडी घे, हिची सीट काढ आणि तिच्यावर बसव," यानू म्हणाला. "मडोन्ना बाईमाणूस आहे, खाली वाकून थोडीच बघणार."

खुर्चीत साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकानंही मान डोलावली. फेसाआडून दिलेला तो निकाल. मी दारावरून घसरले आणि यानूची फुलाची कुंडी फोडली. ते म्हणाले, वारा सुटलाय.

संध्याकाळी त्यानं मला अंगणात उलटी नाही, सुलटी उभी केली. तेवढा मान ठेवला. सीटचे नट सैल केले. यानूच्या सांगण्यावरून दांडाही ओढून बघितला. तेल ओतलं, गरम पाणी ओतलं, हातोडी मारली. सीट गेली. दांडा मी दिला नाही.

मेलिना शेंगा निवडत पायरीवर बसली होती. माझी सवत, पण त्या दिवशी ती माझ्या बाजूनं बोलली.

"माझे दात बदललेत," ती म्हणाली. "खुबा बदललाय. केसांचा रंग डबीतला आहे. उद्या तुझ्या दोस्तानं हिशेब मांडला तर माझं काय ठेवायचं ठरेल?"

त्यानं वर बघितलं नाही. "तेरा नंबरचा पाना दे," एवढंच म्हणाला.

पाना तिनं दिला नाही. त्यालाच उठावं लागलं.

नवी गाडी काळी होती, जाडजूड, पोटात बॅटरी. तिच्यावर माझी सीट अशी दिसायची जशी दुसऱ्याच्या तोंडात आपली कवळी. आणि मी अंगणात, उघडा दांडा वर करून. रोज सकाळी तो कॉफीचा कप घेऊन बाहेर यायचा, मला बघायचा आणि आत जाऊन कॉफी प्यायचा. महिनाभर असं चाललं. मग त्यानं जाहीर केलं की सायकल मडोन्नाला वाहायची. शेजारपाजारचे म्हणाले, केवढी भक्ती. मेलिना म्हणाली, केवढी अडगळ.

मेच्या रविवारी मला यानूच्या भावाच्या तीनचाकी टेंपोत लिंबांच्या पेट्यांवर आडवी टाकली. बारा वळणं मी पहिल्यांदाच पाठीवर पडून बघितली. सातव्या वळणावर तो आमच्या शेजारून गेला. पाठ ताठ, शर्ट कोरडा. माझी सीट त्याच्याखाली करकरत होती. त्यानं मान वळवून गडग्यांकडे बघितलं, जसं काही त्या बाजूला काम निघालं होतं.

वर डोणीशी तो थांबलाच नाही. डोकं भिजवायला आधी ते तापावं लागतं.

मला खिळ्यांवर चढवलं. पाद्री म्हणाला, सीट कुठे? ओरात्सियो म्हणाला, झिजली होती. देवळात उभा राहून म्हणाला हे. मेणाचा पाय माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

तेव्हापासून परगावचे सायकलवाले आत येतात, टोपी काढतात. मला बघून त्यांचा समज होतो की बिचारा स्वार उतारावर गेला आणि घरच्यांनी सायकल वाहिली. मेणबत्त्या लावतात. सुरुवातीला मला फार मजा वाटायची. जिवंतपणी इतका उजेड कुणाला मिळतो? वाटायचं, ओरात्सियोला कळायला हवं, यानूनं वर्षभर दुकानात हसवलं असतं.

यंदाच्या मेमध्ये ओरात्सियो आत आला तेव्हा एक उंच परदेशी बाई माझ्यासमोर उभी होती. हेल्मेट काखेत, डोळे ओले. तिला इथली भाषा जेमतेम यायची. तिनं त्याला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा माणूस... मेला?"

आता हसेल, मला वाटलं. म्हणेल, बाई, तो मीच, हात लावून बघा. मी चेनही घट्ट धरली होती, अशा वेळी खोडी नको म्हणून.

त्यानं माझ्याकडे बघितलं. टांगल्यापासून पहिल्यांदाच, पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत नीट बघितलं. उघड्या दांड्यापाशी नजर थांबली.

"हो," तो म्हणाला. "उतारावर."

"तुमचा कोण?"

"ओळखीचा होता." मग म्हणाला, "चढ छान चढायचा."

बाईनं त्याच्या हातात एक मेणबत्ती दिली. त्यानं ती लावली, माझ्याखाली ठेवली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि निघाला. बाहेर माझ्या सीटची करकर ऐकू आली, मग बॅटरीची घूंघूं, मग नुसती वळणं.

धनी मेल्यावर विधवा होणाऱ्या सायकली मी बघितल्यात. जिचा धनी स्वतःच्याच तोंडानं आपण मेल्याचं सांगून, शेजारून कोरड्या शर्टात खाली उतरतो, असली विधवा मी एकटीच असेन.

तर तुम्ही कधी वर आलात तर मेणबत्ती लावू नका. मेण माझ्या रिमवर उडतं आणि ते पुसायला इथे मऊ फडकं कुणी आणत नाही. खाली चौकात ग्रानिता खात बसलेला एक म्हातारा दिसेल, डावा गुडघा सरळ ठेवून. त्याला राम राम करा, हवं तर. पण मला ऐकू येतं हे मात्र सांगू नका. कळलं तर पुढच्या मेमध्ये तो आत पाऊल ठेवायचा नाही.