पिवळ्या खडूची रेघ

शिंपीमास्तरांनी कोटाचे दोन्ही पुढचे भाग उजवेच बेतले, ही गोष्ट मास्तरीणबाईंनी तीन दिवस पोटात ठेवली. बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी चाळीस वर्षं नवऱ्याशेजारी बसून काजं केलेली नसावीत, दुसरं काय!

कोट बेतताना कापडाची दुहेरी घडी घालायची आणि दोन्ही थर एकदम कापायचे. मग एक भाग आपोआप उजवा होतो, एक डावा, देवाने माणसाला दिलेल्या दोन तळहातांसारखे. महिन्याभराच्या शिकाऊ माणसालाही हे कळतं. मास्तरांच्या कात्रीखालून तर अर्ध्या गावाचे खांदे गेलेले. पण त्या दिवशी त्यांनी कापड एकेरी पसरलं, एक उजवा कापला, आणि नमुन्याचा कागद पालथा न करताच दुसराही तसाच कापला. बाईंनी तुकडे उचलले तर दोन्ही गळे एकाच बाजूला वळलेले. मास्तर हात धुवायला आत गेले होते तेवढ्यात त्यांनी ते अस्तराच्या पेटीत तळाशी सारले आणि सांगितलं, "अहो, उंदरानं कुरतडलं कापड. मी दुसरं आणते."

"बरं," मास्तर म्हणाले.

बाईंना खरी भीती बसली ती या 'बरं'ची. पूर्वी असतं तर मास्तरांनी उंदराची सात पिढ्यांची चौकशी केली असती.

मास्तरांना मधुमेह होऊन बावीस वर्षं झालेली. "जिभेवर साखर असलेल्या माणसाच्या रक्तात ती उतरणारच," असं ते गिऱ्हाइकांना हसून सांगत. गेली सहा वर्षं इन्सुलिन चालू होतं. पण अलीकडे एकाच माणसाचं माप दोनदा घ्यायचे, इस्त्री तापत ठेवून तीच शोधायचे. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "मास्तर, मेंदूचं पोट साखरेवर. ती वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. आणि एकदम उतरली तर मेंदू उपाशी पडतो. तुमच्या वयात घाम सुटेलच, थरथर होईलच असं नाही. नुसतं बोलणं भरकटेल, चिडचिड होईल. विसरायला होतंय का काही?"

"छे! अगदी मजेत," मास्तर म्हणाले होते. बाई शेजारीच बसल्या होत्या. चारचौघांत नवऱ्याचं उसवलेलं कसं दाखवायचं, म्हणून गप्प राहिल्या. देवापुढे मात्र रोज तेच उसवलेलं उलगडून बसत.

इन्सुलिन घेतलं की नाही हे विसरायला नको म्हणून मास्तरांनी स्वतःच युक्ती काढली होती. "वही-बिही आपल्याला जमायची नाही. मी खडूचा माणूस." कापायच्या टेबलाच्या कडेला, सुई टोचली की पिवळ्या खडूची एक रेघ. कापडावर पांढरा खडू. पिवळा फक्त इन्सुलिनचा. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. झोपताना बाई ओल्या फडक्याने टेबल पुसत.

चौथ्या दिवशी नवं कापड आलं. कोट शेजारच्या घड्याळजींचा होता आणि दुपारी ते अंगावर घालून बघायला येणार होते. बारा वाजत आले तरी मास्तरांचं बेतणंच चाललेलं. बाई बटणं आणायला कोपऱ्यावर गेल्या. दुकानात गर्दी, अर्धा तास मोडला. परत आल्या तर टेबलभर निळं कापड, मास्तर त्यावर वाकलेले.

"इन्सुलिन घेतलंत?"

"रेघ बघ की."

बाईंनी कापडाची कड उचलली. सकाळची रेघ होती. तिच्या शेजारी काही नव्हतं.

"नाही दिसत."

"मग नाही घेतलं. इतकं सोपंय ते. तुला उगीच संशयाचं भूत!"

"घ्या मग. पानं वाढते," बाई म्हणाल्या. त्यांच्यासमोर मास्तरांनी पेनवर बारा आकडा लावला, शर्ट वर करून पोटाला टोचलं.

जेवणाचे डाग पडायला नकोत म्हणून बाईंनी टेबलावरचं कापड उचललं आणि झटकलं. खालच्या बाजूला, गडद निळ्यावर, बोटभर लांब पिवळी रेघ होती.

क्षणभर त्यांना वाटलं, बेतल्याची खूण. मग आठवलं. कापडावर पिवळा खडू नसतो. आपण दुकानात असताना मास्तरांनी इन्सुलिन घेतलं, रेघ ओढली, त्यावरच कापड पसरलं, सरकवलं, दाबलं. सकाळची रेघ लाकडात बसली होती; ही ताजी, कापडाने उचलून नेली. आणि 'घ्या मग' म्हणणारं तोंड आपलं.

"अहो, बोट द्या. साखर बघू."

"आत्ता कशाला?"

"द्या म्हणते ना!"

यंत्राने एकसष्ट दाखवलं. दुसरं इन्सुलिन तर अजून लागू पडायचंच होतं. एका हाताने पेल्यात साखर ढवळत दुसऱ्या हाताने बाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "घाबरू नका, पण वेळ घालवू नका. तीन चमचे साखर पाण्यातून. पंधरा मिनिटांनी मोजा, सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा द्या. वर आली की जेवण. आणि संध्याकाळपर्यंत त्यांना एकटं सोडायचं नाही, मोजत राहायचं. गिळता येईनासं झालं किंवा गुंगी आली तर तोंडात काही घालू नका, दवाखान्याची गाडी बोलवा."

बाईंनी पेला पुढे केला. मास्तरांनी तो हाताने ढकलला. अर्धं पाणी निळ्या कापडावर.

"साखर देतेस मला? मधुमेहाच्या माणसाला?"

"उतरलीय ती. दोनदा घेतलंत तुम्ही."

"कोण म्हणतं? मला वेड लागलंय?" मास्तरांचा आवाज चढला. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकावरही चढला नव्हता. मग तो एकाएकी खाली आला. डोळे बाईंच्या चेहऱ्याच्या थोडे पलीकडे कुठेतरी. "अक्का, दार लाव गं. वारा येतोय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

देवा, बाई मनात म्हणाल्या, माझं काहीही घे, पण हा पेला यांच्या पोटात जाऊ दे.

तेवढ्यात दारातून हाळी आली. "मास्तर, कोट याच जन्मी होणार ना? नाहीतर पुढच्या जन्मीचं माप देऊन ठेवतो!" घड्याळजी आत आले, बाईंचा चेहरा पाहिला, पेला पाहिला. बाईंनी दोनच शब्द सांगितले, "साखर उतरलीय."

या माणसाचा जन्म बारीक काट्यांवर नजर ठेवण्यात गेलेला. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. स्टूल ओढून ते मास्तरांसमोर ऐसपैस बसले.

"वहिनी, मलाही द्या पेलाभर. उन्हातून आलोय." पेला हातात आला तसा तो धरूनच राहिले. "पण मी एकटा नाही पिणार हां. या घरात पाहुण्याला सोबत न देता कधी पाणी पाजलंय का, मास्तर?"

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. डोकं ठिकाणावर नव्हतं, पण पाहुणचार त्याहून खोलवर कुठेतरी शाबूत होता. "नाही… असं कसं…" बाईंनी पुन्हा भरून धरलेला पेला त्यांनी घेतला. घड्याळजी एक घोट, मास्तर एक घोट. बाई मास्तरांच्या गळ्याची हालचाल बघत होत्या. तळ दिसला.

घड्याळजींनी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पंधरा मिनिटं! एवढा लांब वेळ बाईंनी आयुष्यात मोजला नव्हता. अडुसष्ट. आणखी एक पेला. पुन्हा पंधरा मिनिटं. ब्याण्णव. मग मास्तर जेवले, मुकाट्याने, ताटातलं सगळं.

शेवटचा घास संपल्यावर ते म्हणाले, "काय झालं होतं?"

बाईंनी कापड उलटं करून रेघ दाखवली.

मास्तरांनी कापड जवळ ओढलं. "आठवत नाही असं मला वाटलंच नाही गं. नाही घेतलं, अशी पक्की खात्री होती. आत्ताही आहे." घड्याळजींकडे वळून हसायचा प्रयत्न केला. "तुझं घड्याळ बंद पडलं तर निदान दिसतं तरी. माझं चालू असल्यासारखं वाटतं."

"मी घड्याळ घेऊन बाहेर ओट्यावर बसतो," म्हणून घड्याळजी उठले.

बाई अस्तराच्या पेटीपाशी गेल्या. पोटात ठेवायचं ते फार ठेवून झालं होतं. आज त्याचीच शिक्षा मिळता मिळता राहिली. त्यांनी दोन्ही निळे तुकडे आणून टेबलावर मांडले. मास्तरांनी एकावर हात फिरवला, दुसऱ्यावर फिरवला. गळ्याच्या वळणावर बोट थांबलं.

"हे कुणी कापलं?"

बाईंनी एका तुकड्याची कड सरळ केली.

"उंदरानं?"

"मी खोटं बोलले."

मास्तरांनी कात्री टेबलावरून उचलली. बाईंना वाटलं, आता ती कायमची आपल्या हातात देतात की काय. त्यांनी ती फडक्याने पुसली, खुंटीला लावली. "इन्सुलिनचं पेन तू ठेव. मी मागितलं तरी विचारल्याशिवाय द्यायचं नाही. भांडलो तरी."

"आणि कात्री?"

"ती…" मास्तर थांबले. "कापायच्या आधी हाक मारीन तुला. घडी बघायला."

मग त्यांनी ते दोन उजवे तुकडे नीट, कडेला कड लावून दुमडले आणि दवाखान्याच्या कागदांच्या पिशवीत घातले. "उद्या डॉक्टरीणबाईंना दाखव. मी पुन्हा 'मजेत' म्हणायच्या आत."

बाहेर ओट्यावरून घड्याळजींची हाक आली, "वहिनी, पंधरा झाली!"

बाईंनी सुई हातात घेतली. बोट मागायच्या आधीच मास्तरांनी ते पुढे केलं, सुई ढकलताना टोपण घालायचं बोट, चाळीस वर्षांनी कडक झालेलं. थेंब पट्टीला लागला. यंत्र पाचावरून उलटं मोजू लागलं आणि दोघंही ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर मोजू लागली.